माझा अनुभव: जुन्या एमएक्स-५चे मागचे सस्पेन्शन बुश

जुनी स्पोर्ट्स कार हाताशी आली की बहुतेक जण आधी स्प्रिंग आणि डँपर (शॉक ॲब्सॉर्बर) बदलतात. गाडी खाली बसते, फोटोत छान दिसते. माझं मत वेगळं आहे, आणि माझ्या माझदा एमएक्स-५च्या मागच्या सस्पेन्शनचे बुश स्वतः बदलल्यावर ते आणखी पक्कं झालं. बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणारे रबराचे गोल तुकडे. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत पहिला पैसा त्यांच्यात घालावा. बाकी सगळं नंतर.

मी इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला राहतो. या शहरात शंभराहून जास्त राउंडअबाउट आहेत, त्यामुळे ऑफिसला जाता-येता गाडी सतत वळणात असते आणि मागचं सस्पेन्शन सैल झालं असेल तर ते लपून राहत नाही. माझी गाडी पहिल्या पिढीतली, १९९६ची, १.८ लिटर इंजिनाची. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये माझदाने ही गाडी पहिल्यांदा दाखवली, तेव्हा तिचं सगळं कौतुक हलकेपणाचं आणि चारही चाकांच्या डबल विशबोनचं, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मनी (दांड्यांनी) धरणाऱ्या सस्पेन्शनचं होतं. वजन एक टनाच्या आसपास. अशा गाडीत स्टीअरिंग थोडं फिरवलं की पुढची आणि मागची बाजू एकदम वळायला हवी. माझी आधी पुढून वळायची आणि मग अर्ध्या क्षणाने मागून बसायची. वळणात ॲक्सिलरेटर सोडला तर शेपूट हलकेच बाहेर सरकायचं. ओल्या रस्त्यावर ते अजिबात सुखाचं नव्हतं. वार्षिक एमओटी तपासणीतही मागच्या आर्मचे बुश जीर्ण झाल्याची सूचना कागदावर आली.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मागचं चाक किती आत-बाहेर पाहतं, म्हणजे त्याचा टो, हे खालच्या आर्मच्या आतल्या टोकाच्या दोन बुशांवर ठरतं. रबर मऊ पडलं, चिरलं, की वळणाचा किंवा ब्रेकचा जोर आला की आर्म किंचित सरकतो आणि चाक स्वतःच दिशा बदलतं. म्हणजे मागची चाकं आपल्याला न विचारता स्टीअरिंग करत असतात. यावर कितीही महागडे डँपर बसवले तरी उपयोग शून्य.

नवे बुश रबराचे घ्यावे की पॉलियुरेथेनचे (म्हणजे कडक प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, थोडक्यात ‘पॉली’), यावर मी बराच विचार केला. मूळ रबर बुशमध्ये बाहेरचं स्टीलचं कवच, आतली नळी आणि मधलं रबर एकमेकांना चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली झाला की रबर पिळलं जातं आणि परत येतं. शांत, आरामदायी आणि वर्षानुवर्षं लक्ष न मागणारी रचना आहे ती. पॉलियुरेथेनच्या बुशमध्ये काहीच चिकटवलेलं नसतं, आतल्या स्टेनलेस नळीभोवती तो ग्रीसवर फिरतो. दणके थोडे जास्त जाणवतात आणि ग्रीस संपलं की कुरकुर सुरू होते. पण तो हाताने बसतो, उद्या पुन्हा उघडून साफ करता येतो, आणि बाजूचा जोर आला की हलत नाही. मी पॉली घेतले, पण रस्त्यासाठीचे, साधारण ८० शोअर ए कडकपणाचे (या मापात आकडा मोठा तितका पदार्थ कडक). ट्रॅकवाले ९५पर्यंतचे घेतात. रोजच्या गाडीत ते घालू नयेत असं मला मनापासून वाटतं. डिफरन्शियलचे (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) माउंटही मी रबराचेच ठेवले, कारण तिथे पॉली घातलं की गिअरचा आवाज थेट केबिनमध्ये येतो.

आता खरी लढाई. ती बुशशी नसते, बोल्टशी असते. कोकणात गाडीला गंज हवेतून लागतो, इथे तो रस्त्यावरून येतो. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाखाली प्रत्येक फटीत जाऊन बसतं. या गाडीच्या मागच्या खालच्या आर्मला चाकाच्या बाजूने एक लांब बोल्ट आडवा जातो. तो बुशच्या आतल्या नळीला गंजाने असा धरतो की नट सुटतो, बोल्ट फिरतोही, पण नळी त्याच्याबरोबरच फिरते आणि बोल्ट बाहेर येत नाही. आधी आठवडाभर रोज संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल मारत होतो. आतल्या बाजूचे बोल्ट त्याने सुटले. लांब बोल्ट दोन्ही बाजूंना जागचा हलला नाही.

कोल्हापूरला उद्यमनगरात माझ्या मोठ्या भावाचं लेथचं काम आहे. त्याला व्हिडिओवर दाखवलं. दादा दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, “ठोकत बसू नकोस रे. ठोकलंस तर टोक पसरंल आणि मग बुशमधनं पण निघायचा नाही. काप सरळ. आणि गॅस लावू नकोस, टाकी कुठाय ती बघ आधी.” बरोबर होतं त्याचं. एमएक्स-५ची पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, मागच्या एक्सलच्या वरच असते. तिथे ज्वाळा न्यायची नाही म्हणजे नाही. आर्म आणि चाकाचा अपराइट (चाकाचा हब धरणारा भाग) यांच्यामधल्या फटीत इलेक्ट्रिक करवतीचं लांब पातं घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला. पाती बरीच गेली, पण काम स्वच्छ झालं. उरलेला तुकडा जुन्या बुशसकट पुढे दाबूनच काढायचा होता.

अपराइट बाहेर काढायचा तर चाक फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा मधला नट सोडावा लागतो. तो दोनशे न्यूटन-मीटरच्या वर आवळलेला असतो आणि त्याची कड ठोकून लॉक केलेली असते. ती कड छिन्नीने आधी सरळ केली. गाडी जमिनीवर असतानाच बायकोला ब्रेकवर पाय ठेवून बसवलं आणि लांब दांड्याने नट सैल केला. मगच गाडी वर, स्टँडवर. ब्रेक कॅलिपर तारेने बांधून ठेवला. तो त्याच्या रबरी पाइपवर लोंबकळता ठेवू नये. आणि आर्मच्या आतल्या टोकाच्या कॅम बोल्टच्या (फिरवला की आर्म सरकवणाऱ्या बोल्टच्या) चकत्या कुठल्या खुणेवर आहेत ते रंगाने आखून, फोटो काढून ठेवलं. मागच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो याच बोल्टवर बसतो.

जुने बुश काढायला अनेक जण रबर जाळतात. तो धूर विषारी असतो आणि घरांच्या ओळीत तो शेजाऱ्यांच्या खिडक्यांत जातो, म्हणून ते केलं नाही. त्याऐवजी दाबून काढायचं साधन घरीच केलं: एम-१२चा (१२ मिलिमीटर जाडीचा) आटे पाडलेला रॉड, एका बाजूला बुशपेक्षा किंचित लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला बुश मावेल असा जाड पाइपचा तुकडा, आणि जाड वॉशर. नट आवळत गेलं की बुश पाइपमध्ये सरकतो. जो अडला, त्याचं रबर ड्रिलने काढून कवचाला हॅकसॉच्या पात्याने आतून एक चीर दिली. चीर आर्मच्या भोकापर्यंत जाऊ द्यायची नाही, कवच जवळजवळ कापलं गेलं की थांबायचं. मग छिन्नीच्या एका टोल्यात ते आत मिटतं.

रिकामे आर्म वायर ब्रशने घासले, गंजरोधक लावून काळा रंग दिला. भोकाच्या आत मात्र रंग नाही, तिथे फक्त बारीक पॉलिश पेपर. बुशचे दोन्ही अर्धे किटबरोबर आलेल्या सिलिकॉन ग्रीसने माखून व्हाइसमध्ये हलकेच दाबले की बसतात. साधं ग्रीस तिथे वापरू नये, ते धुऊन जातं. शेवटी मधली नळी सरकवायची. तपासायची गोष्ट एकच: नळी बुशपेक्षा केसभर लांब हवी, म्हणजे बोल्ट नळीला आवळतो आणि बुश मोकळा फिरतो. हातात धरलेला आर्म स्वतःच्या वजनाने संथपणे खाली आला, तेव्हा जो आनंद झाला तो कुठल्याही नव्या गाडीत मिळणार नाही.

बोल्ट सगळे नवे घेतले आणि प्रत्येकाच्या दांड्याला अँटी-सीझ (गंजून जाम होऊ न देणारी) पेस्ट लावली. पुढच्या वेळी करवत लागू नये यासाठी एवढंच पुरे.

आवळण्याचा क्रम फार महत्त्वाचा. पॉलीचे बुश कुठल्याही स्थितीत आवळता येतात, पण डँपरच्या खालच्या टोकाचा बुश रबराचाच राहतो. गाडी हवेत असताना तो आवळला तर गाडी खाली बसल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून सगळे बोल्ट आधी नुसते टेकवले, गाडी चाकांवर उतरवून थोडी पुढे-मागे ढकलली, आणि मग टॉर्क रेंचने आवळले. ड्राइव्हशाफ्टला नवा नट, त्याची कड पुन्हा ठोकून लॉक. चाकांचे नट शंभर न्यूटन-मीटरला.

जुन्या खुणा फक्त अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत पोचण्यापुरत्या. तिथे ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाइतकं ओझं ठेवायला सांगितलं, मागे थोडं टो-इन (चाकं पुढच्या बाजूला किंचित आत) आणि दोन्ही बाजूंना सारखा कॅम्बर मागितला. मागच्या दोन चाकांत फरक राहिला तर सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग तिरकं धरावं लागतं.

आता राउंडअबाउटमध्ये शिरताना गाडी एकाच हालचालीत वळते. वळणात ॲक्सिलरेटर सोडला तर नाक किंचित आत येतं, शेपूट जागेवर राहतं. खडबडीत रस्त्यावर थोडी जास्त टकटक ऐकू येते, ती मला मान्य आहे. काहीशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासले, एकही हललेला नव्हता.

पुढच्या बाजूचं काम उन्हाळ्यात. तिथे ड्राइव्हशाफ्ट नाही, पण बॉल जॉइंट आहेत. बुशचं किट अजून घेतलेलं नाही. कॅम बोल्ट मात्र आधीच मागवून ठेवले आहेत.