लाल पत्तीचे पाणी

नाशिकला पीकरोग निदानाचे काम करताना पावसाळा सुरू झाला की साठवणीच्या चाळीतल्या कांद्याचे नमुने सतत येऊ लागतात, आणि त्यांतले बहुतेक पाहताक्षणी ओळखू येतात. निफाड तालुक्यातील एका वयस्क शेतकऱ्याने एकदा दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या. एकीत प्रक्रिया कारखान्यासाठी लावलेला पांढरा कांदा होता आणि दुसरीत नेहमीचा उन्हाळ लाल. दोन्ही एकाच शेतातले, एकाच वेळी काढलेले आणि एकाच चाळीत शेजारी शेजारी भरलेले. पांढऱ्याच्या मानेभोवती काळपट डाग पसरले होते, लाल मात्र स्वच्छ होता. बियाणे विकणाऱ्याने रोगट माल गळ्यात मारला, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि तसे माझ्याकडून लेखी हवे होते.

“मॅडम, चाळ एक, वारा एक, मग खोट एकट्या पांढऱ्यातच कशी?”

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. डाग बोटाने पुसला जात नव्हता, म्हणजे ती काजळी, साठवलेल्या कांद्यावरची नेहमीची काळी बुरशी, नव्हती. भिंगाखाली बारीक काळ्या ठिपक्यांची एकात एक वर्तुळे दिसली आणि प्रत्येक ठिपक्यावर ताठ काळे केस उभे होते. हा कोलेटोट्रायकम सर्सिनान्स या बुरशीचा ‘स्मज’ रोग. ही बुरशी मुख्यतः जमिनीत आणि कांद्याच्या जुन्या अवशेषांवर टिकून राहते, त्यामुळे बियाण्याला दोष देणारा कागद मी देऊ शकत नव्हते. पण लाल कांदा का वाचला, याचे उत्तर त्यांना मिळायलाच हवे होते.

ते उत्तर वनस्पतिरोगशास्त्रात जुने आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जे. सी. वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगीत कांद्याच्या सुक्या सालीतून १९२९ मध्ये प्रोटोकॅटेच्युइक आम्ल आणि १९३३ मध्ये कॅटेकॉल वेगळे करून दाखवले, आणि ही दोन्ही संयुगे या बुरशीला मारक असल्याचे सिद्ध केले. हे नुसते सांगून शेतकऱ्याचे समाधान होत नाही, असा माझा अनुभव असल्यामुळे मी काकांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. दोन्ही कांद्यांची सुकी पत्ती, म्हणजे बाहेरची साल, वेगवेगळ्या वाट्यांत थोड्या पाण्यात भिजवली, डागावरचे बीजाणू, म्हणजे बुरशीचे सूक्ष्म बी, दोन्ही पाण्यांच्या थेंबांत सोडले आणि काचपट्ट्या रात्रभर ओलसर डबीत ठेवल्या.

सकाळी काकांनी स्वतः सूक्ष्मदर्शकात पाहिले. पांढऱ्या पत्तीच्या पाण्यात वाकड्या बीजाणूंना लांब कोंब फुटले होते. लाल पत्तीच्या तांबूस पाण्यात बहुतेक बीजाणू तसेच पडून होते आणि काही तर फुटून त्यांतला जीवद्रव बाहेर आला होता. काका बराच वेळ डोळा हलवेनात. मग मी लाल कांदा पूर्ण सोलून, आतल्या रसरशीत पापुद्र्यावर तेच बीजाणू ठेवून तोही डबीत घातला. पुढे त्यावरही डाग उमटला, आणि मला हेच दाखवायचे होते: हे संरक्षण लाल जातीच्या सगळ्या अंगात नसते, ते बाहेरच्या सुक्या पत्तीत असते. रंगीत सालीत क्वर्सेटिन नावाचे द्रव्य साखरेशी जोडलेल्या रूपात साठलेले असते. साल वाळून तपकिरी होताना ती साखर सुटते आणि क्वर्सेटिनच्या ऑक्सिडीकरणातून प्रोटोकॅटेच्युइक आम्ल तयार होते. पांढऱ्या कांद्यात क्वर्सेटिन जवळपास नसतेच. पुष्कळ झाडे रोग लागल्यावर मारक द्रव्ये बनवू लागतात, लाल कांद्याची ही द्रव्ये मात्र बुरशी येण्याआधीच सालीत तयार असतात. काजळीच्या ॲस्परजिलस बुरशीला मात्र एवढ्याने आळा बसत नाही. ती लाल कांद्यावरही खुशाल वाढते.

लासलगावच्या लिलावात डबलपत्ती, म्हणजे दुहेरी सुक्या सालीच्या कांद्याला भाव जास्त मिळतो, तो दिसण्यामुळे आणि टिकण्यामुळे. त्या टिकण्यात या रसायनांचाही वाटा आहे, हे मला तरी फार समाधानाचे वाटते. म्हणूनच काढणीनंतर कांदा पातीसकट शेतात सुकवणे, तीन ते चार सेंटिमीटर मान ठेवून पात कापणे, नंतर सावलीत वाळवणे आणि प्रतवारी करताना पत्ती ओरबाडली जाणार नाही याची काळजी घेणे, यावर मी दरवेळी भर देते.

काकांनी निघताना विचारले, “मग ही लाल पत्ती उकळून पांढऱ्यावर फवारली तर?” कल्पना हुशारीची होती, तरी मी नको म्हटले. ही द्रव्ये पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे ओल आली की धुऊन जातात, आणि चाळीतला कांदा भिजवणे म्हणजे सडीला आमंत्रण. डागाळलेला पांढरा वेगळा काढून उरलेला लगेच कारखान्याला द्यावा आणि पुढच्या हंगामात त्या वावरात पांढरा लावू नये, असे मी सुचवले. त्यांनी त्याच दुपारी कारखान्याला फोन लावला. बियाण्याच्या तक्रारीचा विषय पुन्हा निघाला नाही.