तुम्ही विचारलंत म्हणून: आजकालची गाणी लक्षात का राहत नाहीत?

कार्यक्रम संपून मी कीबोर्डच्या वायरी गुंडाळायला लागले, की कोणीतरी स्टेजजवळ येतं. बहुतेक वेळा साठी ओलांडलेले काका, कधी मावशी. आधी कौतुक करतात, पाठीवर हात ठेवतात आणि मग विचारतात, "पण पोरी, आजकालची गाणी ध्यानात काऊन नाही राहत व?" मी नागपुरात ऑर्केस्ट्रात वाजवते. लग्नातलं संगीत, गणपती मंडळांचे कार्यक्रम, सायंटिफिक किंवा साई सभागृहातल्या जुन्या गाण्यांच्या मैफली, जिथून बोलावणं येईल तिथे जाते. प्रश्न सगळीकडे हाच. विचारणाऱ्याला खरोखर वाईट वाटत असतं, काहीतरी हातून सुटत चाललंय असं. म्हणून नुसतं "हो ना काका" म्हणून पुढे जावंसं वाटत नाही. उभ्याउभ्या देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही, ते इथे देते.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. गाणी लक्षात राहत नाहीत, ती कोणाच्या? माझा भाचा आठवीत आहे. त्याला मराठी रॅप अख्खंच्या अख्खं पाठ आहे, श्वास कुठे चोरायचा तेसुद्धा. माणसाला दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधलं आयुष्य जास्त आठवतं, हे मानसशास्त्रात पुष्कळदा तपासून झालंय, आणि गाण्यांच्या बाबतीत तर शाळा-कॉलेजच्या दिवसांचा ठसा फार खोल असतो. काकांची गाणी त्यांच्या त्या वयातली आहेत. शिवाय जुनं सगळंच टिकलं असंही नाही. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींच्या आवाजात वर्षानुवर्षं दर बुधवारी ती घराघरांत ऐकली गेली. तिच्या वार्षिक याद्या चाळल्या, तर मधूनच एखादं असं गाणं निघतं की आमच्यातले जुने वादकही मान हलवतात. आपल्यापर्यंत पोचलीत ती काळाच्या चाळणीतून उरलेली गाणी. आजची अजून चाळणीत पडायची आहेत.

पण एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. मी पंचविशीतली आहे, आणि मलाही हे जाणवतं. एखाद्या लग्नसराईत जवळजवळ रोज वाजवलेलं गाणं पुढच्या सरावाला कोणी काढलं, तर चाल ऐकायला मोबाइल घ्यावा लागतो. त्याच वेळी माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची गाणी मात्र बोटांत बसलेली आहेत. म्हणजे काकांचं म्हणणं नुसतं वयाचं नाही.

काही कारणं गाण्याच्या घडणीत आहेत. ७८च्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून आपल्याकडचं गाणं त्या मापात बसलं: मुखडा, म्युझिक, अंतरा, परत मुखडा. मुखडा तीन-चार वेळा येणार हे ठरलेलं. आता माप वेगळं आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं की ते ऐकल्याची नोंद होते, त्यामुळे पहिल्या तीस सेकंदांत श्रोता धरून ठेवायचा. २०२० च्या जूनमध्ये आपल्याकडे टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर रील्स आल्या, आणि आता तर पाव मिनिटाचा तुकडा म्हणजेच गाणं. लग्नाच्या संगीताची तयारी असते तेव्हा मला हे रोज दिसतं. घरची मंडळी गाण्याचं नाव पाठवत नाहीत, रीलची लिंक पाठवतात. नाच बसवणारा त्यातून तुकडे कापून एक मॅशअप करतो. चाळीस सेकंद हे, चाळीस सेकंद ते. हॉलमधल्या शंभर-दोनशे माणसांपैकी कोणाच्याही कानावर अंतरा पडतच नाही. तो कोणीतरी मन लावून लिहिलेला असतो, चालीत बसवलेला असतो. मला त्याची फार हळहळ वाटते.

दुसरं म्हणजे मधलं म्युझिक. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात मी सगळ्यात घाबरून असते ती मधल्या तुकड्यांना. गायकानं शब्द इकडचा तिकडे केला तर लोक सांभाळून घेतात. पण अ‍ॅकॉर्डियनचा तो चार मात्रांचा तुकडा मी कीबोर्डवर जरा वेगळा वाजवला, की तिसऱ्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघतात. कारण तो तुकडा त्यांना तोंडपाठ असतो, शब्दांशिवाय, "पँ पँ" करत म्हणता येण्यासारखा. आजच्या गाण्यात तिथे चालीपेक्षा आवाजाचा पोत असतो: खोल बेस, उलटा फिरवलेला सूर, गळ्याला लावलेला ऑटोट्यून. ते करायला कमी अक्कल लागते असं मी कधीच म्हणणार नाही. एखादा आवाज घडवायला मी स्वतः रात्रच्या रात्र बसते आणि तो मनासारखा झाला की नाचावंसं वाटतं. पण तो आवाज घरी जाताना गुणगुणता येत नाही, तो ऐकायला परत तेच गाणं लावावं लागतं. (हल्लीच्या गाण्यांची पट्टी उंच असते म्हणून लोकांना म्हणता येत नाहीत, असंही एक कारण देतात. ते मला पटत नाही. जुन्या पार्श्वगायिकांची पट्टी काय खाली होती? कराओकेवाल्या काकू त्यांच्यासाठीही दोन सूर खाली उतरवून मागतातच.)

तरी घडणीचं कारण मला अर्धंच वाटतं. उरलेलं अर्धं मला रस्त्यावर सापडलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबत निघते. मारबत म्हणजे ईडा-पिडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत, पिवळी मारबत, मागे बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत"च्या आरोळ्या, आणि इतवारी-महालच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीत धुमाल वाजत असतो. बाहेरच्या मंडळींसाठी सांगते: धुमाल म्हणजे गाडीवर लादलेले मोठे स्पीकरचे बॉक्स, जनरेटर, ढोल-ताशे, पॅड आणि या सगळ्यांवरून सूर धरणारा बँजो. आमच्याकडचा बँजो म्हणजे मूळचा बुलबुल तरंगच, टाइपरायटरसारख्या पट्ट्या, त्यांच्या खाली तारा. डावा हात पट्ट्यांवर, उजव्या हातात पिक. त्याला पिकअप लावून बॉक्समध्ये सोडला की अख्खी गल्ली दणाणते.

मी बँजोवाल्याच्या गाडीला लागून चालत होते. त्यानं चालू महिन्यात गाजत असलेलं एक गाणं काढलं, तेच, रीलमधलं. पहिली ओळ त्यानं सरळ वाजवली. दुसरी ओळ अर्धी वाजवून पिक तारेवर नुसती थरथरत ठेवली, एकाच सुरावर. ढोलवाल्यांनी आवाज खाली घेतला. उरलेली अर्धी ओळ गर्दीनं म्हटली. मग त्यानं ती परत वाजवली, या वेळी वरच्या सप्तकात, आणि गर्दी परत तिथेच आली. पाच मिनिटांत असं झालं की ज्यांनी ते गाणं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, गॅलरीत उभ्या असलेल्या आज्या, खांद्यावर बसलेली पोरं, तेसुद्धा ती अर्धी ओळ म्हणत होते. मूळ गाण्यातला बेस नाही, गायकाचा आवाज नाही, शब्दसुद्धा धड नाहीत. राहिली ती चाल. त्या लोकांच्या ती आता लक्षात राहणार, कारण त्यांनी ती स्वतःच्या तोंडानं, दुसऱ्यांच्या बरोबर म्हटली आहे.

काकांना द्यायचं माझं उत्तर तेव्हापासून हेच आहे. गाणं आपण किती वेळा ऐकलं, यापेक्षा ते कोणाबरोबर म्हटलं, यावर त्याचं टिकणं जास्त अवलंबून असतं.

विदर्भातल्या माणसाला हे पटायला अवघड जाऊ नये. तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. १९६८ मध्ये ते गेले, पण अजूनही संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसणाऱ्या गावांत लहान मुलांना भजनांचे शब्द येतात, आणि त्यातल्या कितीकांनी महाराजांचा आवाज कधी ऐकलेलाही नसतो. दीक्षाभूमीवर जा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली, आणि दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात. पुस्तकांच्या आणि गाण्यांच्या स्टॉलमधून चालताना एका स्टॉलवर लोककवी वामनदादा कर्डकांचं गाणं लागतं, आणि शेजारून जाणाऱ्या बायका चालता चालता ते उचलतात. खांद्यावर पिशवी, कडेवर मूल, आणि दुसरा अंतराही पाठ! वामनदादांची गाणी सिनेमानं वाढवली नाहीत. ते वस्त्यावस्त्यांत जाऊन गायले, तिथल्या गायन पार्ट्यांनी ती उचलली, माणसांनी माणसांना दिली. आमच्या धंद्यात "हिट" म्हणतात त्याहून हे केवढं तरी मोठं आहे. मी तिथे गेले की नुसती ऐकत उभी राहते.

आणि हे जुन्यालाच लागू पडतं असं नाही. २०१६ मध्ये 'सैराट' आला. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवला होता. त्याच सिनेमातलं 'झिंगाट' आमच्या धुमालवाल्यांनी बँजो आणि ढोलांवर आणलं, आणि अजून एकही वरात त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही. ते कोणी विसरलंय का? माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या दोघी मुली कोरियन गाण्यांच्या वेड्या आहेत. वहीत कोरियन शब्द देवनागरीत उतरवून घेतलेत, पेन्सिलीनं, श्वासाच्या जागी तिरप्या रेघा. अर्थ एकीलाही येत नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला ग्रुपनं नाचायचं म्हणून त्यांनी ती गाणी गच्चीवर एकत्र घोटली. त्यांच्या नातवंडांना त्या ती म्हणून दाखवतील याची मला खात्री आहे.

मग कमी काय पडतंय? चाली नव्हे, एकत्र ऐकण्याच्या जागा. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं, विविध भारती १९५७ मध्ये. रेडिओ चहाच्या टपरीवर लागायचा, सलूनमध्ये लागायचा, शेजाऱ्याकडचा आपल्या स्वयंपाकघरात यायचा. न मागता ऐकू यायचा. आजी सांगायची, शाळेत जाताना एका घरासमोर सुरू झालेलं गाणं दुसऱ्या घरासमोर संपायचं. आता मी सीताबर्डीहून मेट्रोत बसते तेव्हा डब्यात पन्नास जण पन्नास गाणी ऐकत असतात, आणि ती पन्नास गाणी ज्याच्या त्याच्या आवडीनुसार अ‍ॅपनं निवडून दिलेली असतात. मला ती सोय आवडते. मी सोळाव्या वर्षी हेडफोनवर जगभरचं संगीत ऐकलं, ते नागपुरात दुसरं कुठे मिळालं असतं? पण माझं आवडतं गाणं शेजारच्या मुलीला माहीत नसेल, तर ते म्हणायचं कोणाबरोबर?

म्हणूनच कराओके ग्रुपांना नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. नागपुरात असे ग्रुप गल्लोगल्ली आहेत. निवृत्त बँकवाले, शिक्षिका, डॉक्टर, साडी नेसून, कोट घालून येतात आणि मायनस ट्रॅकवर, म्हणजे गायकाचा आवाज काढून टाकलेल्या संगीतावर, गातात. सूर थोडा इकडेतिकडे होतो, शब्द मोबाइलवर बघावे लागतात. संगीत विशारद झालेले माझे काही मित्र नाक मुरडतात. मला तिथे वाजवायला बोलावलं तर मी आनंदानं जाते, कारण तिथे मुखडा आला की प्रेक्षकांतले सगळे गातात. माझी तक्रार एकच आहे, की त्यांच्या यादीत १९८० नंतरचं काही नसतं. काका, तुमच्या नातीचं एक गाणं यादीत घ्या. तिला माइक द्या आणि मुखडा तुम्ही धरा. मग सहा महिन्यांनी मला सांगा, ते लक्षात राहिलं की नाही.

माझ्याकडून मी एक करते आहे. दोन मराठी गाण्यांना चाली लावल्यात. पूर्वी मी नवीन चाल रेकॉर्ड करून मित्रांना पाठवायचे, आता आधी त्या बँजोवाल्या भाऊंना ऐकवते. पहिली चाल त्यांनी डोळे मिटून ऐकली, बँजो मांडीवर घेतला, मुखडा एकदा वाजवला आणि म्हणाले, "ताई, चांगली आहे. पण याले लोकाईनं पकडाचं कुठून?" मग आम्ही दोघं दुपारभर बसलो. मुखड्यातला शेवटचा शब्द त्यांनी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ओढून आणला, त्याच्या आधी अर्ध्या ओळीची जागा मोकळी ठेवली, गर्दीला आत यायला. मी वर धरलेले कॉर्ड तसेच राहिले, ते त्यांनाही आवडले. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू होतील, तेव्हा एका वरातीत ते ती वाजवून बघणार आहेत. दुसऱ्या चालीचा मुखडा अजून बसलेला नाही. येत्या रविवारी परत जायचं आहे.