पाऊस वाढला की…

आज दुपारपासून चिपळूणात पाऊस हटला नाही. शेजारच्या काकू न बोलता तांदळाचे डबे माळ्यावर चढवायला लागल्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं होतं. भिंती केव्हाच रंगवून झाल्या, पण पत्र्यावर सर वाजली की त्यांची झोप अजून उडते. मी "काही होत नाही हो" म्हटलं नाही, डबे वर द्यायला लागले. मग आळीतल्या चौघी आल्या, चहा झाला, आणि काकू पहिल्यांदाच त्या दिवसाबद्दल सलग बोलल्या. रडल्या. खूप बरं वाटलं मला, खरंच. मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर त्यांच्या कॅलेंडरवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलाय. आज रात्री त्यांच्याकडेच झोपणार आहे.