डायमंड डिटेक्टर घेताना फाइल कुठे अडकते: माझा अनुभव

डायमंड डिटेक्टर, म्हणजे हिऱ्याच्या पातळ तुकड्याने रेडिएशनचे कण टिपणारं उपकरण, म्हटलं की सगळे हाय व्होल्टेज आणि अँप्लिफायरचीच काळजी करतात, पण मला रडवलं ते आमच्या खरेदी विभागाने. सेन्सर म्हणजे नखापेक्षा लहान, अर्धा मिमी जाड सीव्हीडी (वायूपासून थर साचवून वाढवलेल्या हिऱ्याची) प्लेट, पण कोटेशनवर डायमंड दिसला आणि फाइल थेट मौल्यवान वस्तूंमध्ये! आधी कॅरेट किती, मग हिऱ्याचं सर्टिफिकेट आणा, मग म्हणे सुरतेत लॅबग्रोन स्वस्त मिळतो तर बाहेरून कशाला. प्रत्येक शेऱ्याला फाइल परत खाली, आणि वर जायला पुन्हा त्याच सगळ्या सह्या.

अहो, दागिन्यात रंग आणि चमक बघतात, आम्हाला नायट्रोजन ५ पीपीबीच्या (अब्जात ५ भागांच्या) खाली हवा. कण आतून गेला की इलेक्ट्रॉन-होलच्या (इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा) जोड्या सुटतात, अशुद्धी असली की त्या वाटेतच अडकतात आणि सिग्नल मरतो. मग पुढचा शेरा, सिलिकॉन का नाही? सिलिकॉनमध्ये एका जोडीला ३.६ ईव्ही (इलेक्ट्रॉन व्होल्ट, ऊर्जेचं एकक) पुरतात, हिऱ्यात १३ लागतात, म्हणजे सिग्नल लहान हे खरंच. पण बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा) ५.५ ईव्ही असल्याने लीकेज, म्हणजे कण नसतानाही गळणारा करंट, जवळपास शून्य, कूलिंग लागत नाही आणि रेडिएशनमध्ये टिकतो, म्हणून तर सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत अॅटलस आणि सीएमएस या प्रयोगांनी बीमच्या शेजारी हाच बसवला. हे सगळं मी तोंडी सांगत बसले, कोणी लिहूनच घेतलं नाही!

शेवटी एक पानी नोट केली, वर 'आयोनायझिंग पार्टिकल सेन्सर', खाली जाडी, लीकेज, नायट्रोजन, गाइडची सही, आणि व्हेंडरकडून कोटेशनवरही तेच वर्णन घातलं. फाइल सुटली, इतकं हलकं वाटलं! तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा.

जोडणी पटकन झाली. ५०० मायक्रॉनला ५०० व्होल्ट, पण हळूहळू चढवा. प्लेटला बोट लावू नका, कडेवरच्या डागातूनही करंट गळतो. तपासायला लागणारा अमेरिशियम-२४१ चा, अल्फा कण सोडणारा सोर्स रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला सांगूनच काढा आणि व्हॅक्यूममध्येच लावा, हवेत अल्फाची एनर्जी वाटेतच जाते. ५.४८६ एमईव्हीच्या (म्हणजे ५४.८६ लाख ईव्हीच्या) अल्फाने साधारण ४.२ लाख जोड्या सुटतात, पल्स स्कोपवर स्वच्छ दिसतो.

हां, पॉलिक्रिस्टलाइन (अनेक छोट्या स्फटिकांची प्लेट) घेतलात तर आधी स्ट्रॉन्शियम-९० च्या बीटा कणांनी पंपिंग करा, म्हणजे जोड्या अडकवणाऱ्या जागा आधीच भरून घ्या, नाहीतर सिग्नल बदलत राहतो. आणि व्होल्टेजची पोलॅरिटी उलटून बघाच, अल्फा पृष्ठभागाजवळच थांबतो त्यामुळे एकदा इलेक्ट्रॉनचा आणि एकदा होलचा पल्स वेगवेगळा मिळतो. माझ्याकडे दोन्ही आले, आणि ते प्लॉट मी खरेदी विभागालाही पाठवले.