काड इंधनाला, की मातीला?

पिकांच्या उरलेल्या काडापासून इथेनॉल करता येतं, हे ऐकून बहुतेकांना आनंद होतो. मलाही होतो, पण लगेच मनात येतं, मग मातीच्या वाट्याला काय?

आधी माती म्हणजे काय ते बघू. काचेच्या उंच बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून जोरात हलवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाला काही तास लागतात, आणि ०.००२ मिलिमीटरहून बारीक असलेले चिकणमातीचे कण दिवसेंदिवस पाणी गढूळ ठेवतात. हा खेळ मी कितीही वेळा बघू शकते.

हे कण मुळात खडकातलेच. ग्रॅनाइट झिजला की त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते. क्वार्ट्झ हे दुसरं खनिज मात्र दाद देत नाही, ते वाळू म्हणून उरतं. बेसाल्टात, म्हणजे काळ्या कातळात, क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच, म्हणून त्याची माती बऱ्याचदा भारी, पाणी धरणारी, सुकली की भेगाळणारी.

पण नुसता खडक दळून माती होत नाही. मूळ खडक, हवामान, सजीव, भूरचना आणि काळ यांच्या मेळातून ती घडते, हे रशियाचे मृदाशास्त्रज्ञ वसिली डोकुचायेव यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडलं. यातला सजीवांचा वाटा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपल्या हातात मुख्यतः तोच आहे.

सगळं काड उचललं तर मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या सजीवांच्या अवशेषांतून येणारा कार्बन, घटतो. म्हणून इथेनॉलपेक्षा मला काडाचा बायोगॅस उजवा वाटतो: मिथेन जाळायला मिळतो आणि नत्र, स्फुरद, पालाश स्लरीतून, म्हणजे टाकीत उरलेल्या पातळ रब्ब्यातून, शेतात परततात. उतारावरच्या वाळूसर जमिनीतलं काड मात्र कुठल्याच इंधनासाठी उचलू नये, असं माझं ठाम मत आहे.