स्पातला दिवस
आज दिवसभर हॉटेलच्या बाहेर पाऊलही टाकलं नाही, आणि त्याची जराही खंत नाही. सकाळ सगळी स्पामध्ये गेली. सौनातली हवा ८०-९० अंशांची, तरी माणूस तिथे थोडा वेळ आरामात बसू शकतो, कारण हवा कोरडी असते आणि घाम लगेच उडून जातो. शेजारच्या स्टीम रूममध्ये तापमान जेमतेम ४५, पण वाफेने भरलेल्या हवेत घाम वाळतच नाही, म्हणून तिथे जीव लवकर कासावीस होतो. (दोन्हींनंतर भरपूर पाणी प्या, अगदी मनापासून सांगते.)

सगळ्यात भावली ती मसाज करणारी ताई. हात लावण्याआधी तिने रक्तदाब, जुनी दुखणी, तेलाची ॲलर्जी, सगळं विचारलं. मग खांद्यातली नेमकी गाठ बोटांनी शोधून काढली. दिवसभर उभं राहून, स्वतःच्या अंगठ्यांवर आणि मनगटांवर भार घेत हे काम करायचं, किती कष्टाचं आहे!

रात्रीचं जेवणही सुरेख, निवांत झालं.

उद्या निघताना अभिप्रायाच्या फॉर्मवर त्या ताईचं नाव आवर्जून लिहिणार आहे. तुम्हीही कुठे राहिलात तर नुसतं ‘सेवा छान’ लिहू नका, नाव लिहा.