सव्वानऊचा शो

"अकरा," दाराशी उभे असलेले गृहस्थ पुटपुटले. ते सिनेमाचे निर्माते होते. सकाळी सव्वानऊच्या शोला आलेली माणसं मोजत होते.

मध्यंतरात बोललो. घर गहाण ठेवून सिनेमा केलाय. संध्याकाळचा एकही शो मिळालेला नाही. छोट्या वहीत रोजचे आकडे, पेन्सिलीनं. "शाईनं लिहायचा धीर होत नाही ताई."

दिवसभर ती पेन्सिल डोळ्यांपुढून हलेना.

फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, तेव्हा १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आजही पहिला पैसा घरातूनच निघतो. सरकारी अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन. तोवर व्याज थोडंच थांबतं?

निघताना त्यांनी अकराही जणांना हात जोडले.

कामाच्या दिवशी सव्वानऊला कोण येणार हो?